मधला हातभर चिखल

नाव : हेस्टर तगारूक. लिंग : स्त्री. वय : साठीच्या पुढे. हुद्दा : हंगामी क्षेत्र-निरीक्षक, शीतकालीन. कर्तव्ये : अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरील गावाच्या दक्षिणेकडील ओलसर जमिनीतून निघणाऱ्या मिथेन वायूच्या मोजमापयंत्रावर देखरेख ठेवणे, यंत्रावर साचणारा बर्फ वेळोवेळी खरवडणे, अस्वल आल्यास प्रथम स्वतःचा व तदनंतर यंत्राचा बचाव करणे. सदर कर्मचारी मनमिळाऊ असून एकटीने काम करण्यास योग्य आहे.

मनमिळाऊ माणूस एकटं काम करायला योग्य कसं ठरतं, हे संस्थेत कुणी कुणाला विचारलेलं दिसत नाही.

शास्त्रज्ञ आमच्याकडे बदकांच्या सुमारास येतात आणि बदकांबरोबरच दक्षिणेला जातात. आपण गेलो की जमीनही दुकान बंद करते, असा त्यांचा बरीच वर्षं समज होता. मग एकदा कुणीतरी यंत्र हिवाळ्यात चालू ठेवलं, आणि जमीन आपली वायू सोडतेच आहे असं दिसलं. खालची जमीन कायमचीच गोठलेली. वरची शरदात गोठू लागते. मधे हातभर चिखल उरतो, ना धड पाणी ना धड बर्फ, आणि आठवडेच्या आठवडे तसाच बसून राहतो. जुनी मुळं त्यात सावकाश कुजत असतात. भेगांतून, लव्हाळ्याच्या पोकळ दांड्यांतून वायू वर येतो. पाणी साचलेल्या खळग्यांतून जास्त, कोरड्या उंचवट्यांवरून जवळपास नाहीच.

हे सगळं मोजणारं, मनोऱ्यावर बसवलेलं यंत्र बर्फाचा थर बसला की आंधळं होतं. म्हणून हेस्टर.

यंत्राला माणसाचा श्वासही कळतो, म्हणून तिनं स्नोमोबाइल लांब उभी करायची, वारा जिकडे वाहतो त्या बाजूनं चालत जायचं, काम उरकून तसंच मागं फिरायचं. म्हणजे तिचा श्वास जमिनीच्या खात्यावर पडत नाही. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. घरीही तो कुणाच्या खात्यावर पडत नव्हता.

तिची मुलगी डीलिया अँकरेजला असते. तिथं तिनं आईसाठी एक खोली राखून ठेवली होती, पलंग आणि जाड पडद्यांसकट. हेस्टरनं तिला शब्द दिला होता : जमीन गोठली की येते. आमच्याकडे हे तारीख दिल्यासारखंच असे. प्रवास, कॅरिबूच्या शिकारी, लग्नाची बोलणी, सगळं जमीन गोठल्यावर. फक्त जमीन वर्षागणिक उशीर करू लागली, आणि पहिल्या दोन हिवाळ्यांत ती गोठेपर्यंत डीलियाची रजा संपलेली असे.

"आका, गोठली का गं?" डीलिया दर रविवारी फोनवर विचारायची. आका म्हणजे आमच्या भाषेत आई.

"वरून गोठली."

"मग ये की."

"मधली राहिलीय. हातभर."

"हातभर चिखलासाठी तू तिथं बसणार? लोक नातवंडांसाठी बसतात."

"तुला मक्ताक मिळालं का? जाड काप पाठवलेत या वेळी."

"मिळालं. व्हेलचं कातडं बरोबर आलं, आई तेवढी यायची राहिली." मग ती म्हणाली, "हे बघ आका. ह्यांचा धाकटा भाऊ नोकरीसाठी इकडे येतोय. नाताळपर्यंत आलीस तर खोली तुझी. नाहीतर त्याला देते. रिकाम्या पलंगावरच्या चादरी मी किती दिवस धुवायच्या?"

हेस्टरनं या वेळी जायचं ठरवलं. सामान बांधून दाराशी आणून ठेवलं, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पण त्या वर्षी बर्फ लवकर पडला आणि भरपूर पडला. लवकरचा बर्फ म्हणजे जमिनीवर घातलेली गोधडी. बाहेर थुंकी गोठेल अशी थंडी, आणि आतला चिखल आरामात झोपलेला.

सकाळी गावातली घरं बिनतारी संचावरून एकमेकांना सुप्रभात म्हणतात. हेस्टरचा धाकटा भाऊ ॲम्ब्रोज त्यात रोज एक शेपूट जोडू लागला : "सगळ्यांना सुप्रभात. आमच्या हेस्टरच्या चिखलालासुद्धा."

"चिखल विचारतोय, ॲम्ब्रोज अंथरुणातून उठला का," हेस्टर सगळ्या गावाच्या देखत उत्तर द्यायची.

डिसेंबरात तो तिच्याकडे चहाला आला. भरदुपारी बाहेर काळोख.

"जा तू अँकरेजला. मी बघतो यंत्राचं."

"गेल्या साली मनोऱ्याची तार कुणी तोडली?"

"ती बर्फात दिसली नाही."

"लाल होती."

"बरं, मग दुसरं ऐक. फावडं घे. तेवढ्या तुकड्यावरचा बर्फ काढून टाक. आठवड्याभरात दगड होईल. तो संस्थेतला शास्त्रज्ञ, डॉक्टर लिंडक्विस्ट, तिकडे पडद्यावर बघेल, खूश होईल, तुला सोडेल. कोण बघायला येतंय?"

तिनं त्याच्या कपात आणखी चहा ओतला. दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन गेली मात्र. ॲम्ब्रोजनं खिडकीतून तिच्या दिव्याकडे पाहिलं. दिवा बराच वेळ एका जागी होता. परत आली तेव्हा त्यानं विचारलं, "काढलास?"

"मनोऱ्याच्या पायऱ्यांवरचा काढला."

"आणि जमिनीवरचा?"

"अरे, कशानं गोठली म्हणून काय सांगू मी?"

"थंडीनं गोठली म्हणून सांग! दुसऱ्या कशानं गोठते?"

"ती अजून श्वास घेतेय, ॲम्ब्रोज. तोंड दाबून गप्प केली असं होईल ते."

"मग डीलियाला काय सांगशील?"

"मधली राहिलीय म्हणून."

नाताळ आला. चर्चमध्ये व्हेलचे वाटे झाले, हेस्टरनं आपला घेतला, अर्धा खोक्यात भरून पोस्टात टाकला. रविवारचा फोन आला तो लहान होता. डीलिया रागावली नाही. तिनं फक्त जमिनीचं विचारलं नाही.

जानेवारीत डॉक्टर लिंडक्विस्टांचा फोन आला. "अभिनंदन, हेस्टर! सगळ्या थरांचा पारा शून्याच्या खाली. बघा, गोठण्याचा काळ किती लांबला यंदा! तुम्ही आता मोकळ्या."

"बरं," हेस्टर म्हणाली, आणि दाराशी बांधून ठेवलेलं सामान सोडायला लागली.

संस्थेच्या वार्षिक अहवालात तिच्याविषयी नोंद आहे : शीतकालीन मोजमापात कोणताही खंड आढळला नाही. सदर कर्मचाऱ्याची उपलब्धता समाधानकारक असून तिची नेमणूक पुढील हंगामासाठी कायम ठेवण्यात येत आहे.

अँकरेजच्या खोलीत डीलियाचा दीर राहतो.