कार्डिफचे मिस्टर अहो

...नाही गं तनू, क्रिकेट नव्हे, बेसबॉल. क्रिकेट असतं तर मला एवढं समजावून घ्यावं लागलं नसतं. तू लिही. मागच्या गल्लीतल्या शशिधरचं सांगत होते. मंगळवार-शुक्रवार मी ज्याच्या बायकोपाशी, अलकापाशी बसायला जाते ना, तो.

तर हा शशिधर तीस वर्षं इथल्या कार्डिफच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासत बसला. जन्मात कधी बॅट धरली नाही. रिटायर झाला आणि कुठूनसा त्याला हा कॉम्प्युटरवरचा खेळ सापडला. आठ जण, आठ गावं. आणि समजायचं काय, तर दीडशे वर्षांपूर्वी ह्या देशात क्रिकेट मागं पडलं आणि बेसबॉलच रुजलं. मग ग्लासगोची टीम, क्रॉयडनची टीम, आपल्या कार्डिफची टीम. ती शशिधरची. खेळणारी माणसं सगळी खोटी, मिशावाली, गोदीवर कोळसा उचलणारी. नावंसुद्धा कॉम्प्युटरनंच ठेवलेली. एक दिवसाआड मॅच. संध्याकाळी सहाच्या आत ह्यानं कोण कुठं खेळणार ते लिहून पाठवायचं, मग कॉम्प्युटर आपला आपण मॅच खेळून टाकतो आणि आकडे दाखवतो. मैदान नाही, चेंडू नाही. मी म्हणलं, अरे, मग बघायचं काय त्यात? तर म्हणाला, बघायचं नाही मावशी, वाचायचं.

ह्या सगळ्यांचा म्होरक्या हेमिश म्हणून ग्लासगोचा एक म्हातारा. लायब्ररीत होता पूर्वी. दर रविवारी चार वाजता तो सगळ्यांना स्क्रीनवर गोळा करतो. आणि तिथंच ती गंमत झाली. तेव्हा अलका चांगली हिंडतीफिरती होती. मीटिंग चालू असली की स्वयंपाकघरातून हिचं सुरू, अहो, चहा गार झाला. अहो, कुकर बंद करा. अहो, ऐकलंत का. त्या हेमिशला वाटलं हेच ह्याचं नाव. त्यानं तक्त्यात लिहून टाकलं, कार्डिफ, मिस्टर अहो. झालं, सगळे त्याला तेच म्हणायला लागले. शशिधर भिडस्त, त्याच्यानं काही सांगवलं नाही. अलकाला कळलं तेव्हा ती हसून हसून खाली फरशीवर बसली होती. म्हणाली, आता सात गोरे तुम्हाला माझ्यासारखी हाक मारणार.

मागच्या दिवाळीत तिला स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. आता दोनच शब्द येतात, हो आणि नको, आणि तेसुद्धा एकाच्या जागी दुसरा. मुलगा अनुप तिकडं क्रॉयडनला, तो बाबा म्हणतो. हॉस्पिटलातले जुने लोक भेटले तर शॅश म्हणतात. मी तर नुसतं शशिधर म्हणते. अहो म्हणणारं घरात कुणी उरलं नाही. उरले ते हे सात जण, ज्यांना त्याचा अर्थसुद्धा ठाऊक नाही. त्यानं हे मला कधी तोंडानं सांगितलं नाही. पण एखाद्या रविवारी मी डोकावले तर मीटिंग लागली की आवाज जरा मोठा करून ठेवायचा, तेवढ्यावरून मी ओळखलं.

आता त्या खेळाचा नियम असा की सीझनच्या शेवटी जी टीम तळाला, ती बंद. जुन्या काळी टीमा अशाच बुडायच्या म्हणे. मग नवं गाव येतं, नवा माणूस येतो, आणि जुन्यानं जायचं. आत यायला बाहेर लाइन लागलेली आहे. आणि ह्या वर्षी कार्डिफ तळाला.

का, तेही सांगते. त्या काळी टीमला चेंडू टाकणारा खरा असा एकच असायचा, तो दमला की त्याला बसवून दुसरा कुणी उभा करायचा. शशिधरचा होता प्रॉसर नावाचा. चांगला होता. मार्चमध्ये कार्डिफ तिसऱ्या नंबरावर होतं. पण सहाच्या आत नावं गेली नाहीत तर कॉम्प्युटर मागच्या मॅचचीच नावं खेळवतो. आणि ह्याचं सहाच्या सुमाराला काय चाललेलं असायचं? अलकाचं करायला येणारी केअरर उशिरा आलेली, अलकाचे कपडे बदलायचे, तिला भरवायचं, औषधं. एक घास गिळायला तिला पाच मिनिटं लागतात. घड्याळाकडं बघेपर्यंत सव्वासहा. असं करत करत तो प्रॉसर उन्हाळाभर दर मॅचला उभा राहिला. त्याच्या नावापुढं एक पट्टी असते, थकव्याची. आधी हिरवी, मग पिवळी, ऑगस्टात लाल झाली ती लालच राहिली. शशिधर त्या पट्टीकडं नुसता बघत बसायचा, कपातला चहा तसाच. अनुप फोनवर चिडायचा, बाबा, स्वतःला आराम नाही आणि हे काय घेऊन बसलात? हा म्हणायचा, बरं.

शेवटची मॅच होती एका शुक्रवारी, क्रॉयडनशी. तेही तळालाच लोंबकळत होते. जिंकलं तर कार्डिफ वाचणार. मी त्या दिवशी चार वाजताच गेले, म्हणलं अलकाचं मी बघते, तू तुझी नावं लिही. तर हा लॅपटॉप मांडीवर घेऊन तासभर तसाच. प्रॉसर सोडून चेंडू टाकायला उभा करता येईल असा एकच होता, गोदीवरचा कारकून. त्यानं सबंध सीझनमध्ये एक चेंडू टाकला नव्हता.

मी म्हणाले, "अरे, त्या प्रॉसरलाच घाल की. खोटा तर आहे."

"तो खोटा आहे, मावशी," तो म्हणाला, "पण त्याला दमवला मी खराच."

आणि त्यानं कारकुनाचं नाव घातलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा नावं वेळेत गेली. एकवीस-सहा असे आपण हरलो. प्रॉसर बाकावर बसून होता, असं त्यात लिहून आलं होतं. शशिधरनं ती ओळ मला दोनदा वाचून दाखवली.

त्या रविवारी मी मुद्दाम गेले. त्यानं लॅपटॉप अलकाच्या खुर्चीपाशी ठेवला होता. एकेकानं निरोप घेतला. थँक यू मिस्टर अहो, गुडबाय मिस्टर अहो, सात वेळा. मी अलकाच्या तोंडाकडं बघत होते. तोही बघत होता. ती खिडकीकडं मान करून बसलेली, शेजाऱ्याची मांजर भिंतीवरून चालली होती तिकडं. मग हेमिशनं विचारलं, वहीत कायमची नोंद करायची आहे, तुमचं पूर्ण नाव लिहून द्या. शशिधरनं बोटानं एकेक अक्षर दाबत स्वतःचं नाव लिहिलं. थोडा वेळ बघितलं आणि पुसून टाकलं.

म्हणाला, "आहे तेच राहू द्या."

मग लॅपटॉप मिटला आणि अलकाचा वरणभात कालवायला आत गेला. चमचा पुढं केला तर ती म्हणाली, नको. आणि आ केला.

रविवारी चार वाजता तो अजून खुर्ची ओढून त्या टेबलाशी बसतो गं. लॅपटॉप उघडत नाही. स्वतःहून तर तो कुणाला काही विचारायचा नाही. तेव्हा तू असं कर, हे सगळं इंग्रजीत कर आणि त्या ग्लासगोच्या हेमिशला पाठव. त्याला म्हणावं, कुठल्या गावाचा माणूस आजारी पडला, सुट्टीवर गेला, अगदी आठवडाभरासाठी जागा रिकामी झाली, तरी आधी मिस्टर अहोंना हाक मारा.