मांडीवरून सटाण्याला गेलेलं साखरेचं घर

फेब्रुवारीतला शनिवार, सकाळचे सहा. नाशिक रोडला आमच्या सोसायटीच्या गेटपासून सटाण्यापर्यंत छोट्या टेम्पोचं भाडं ठरलं अठराशे रुपये. हजर तिघं: मी, माझी बायको आणि टेम्पोवाला. सामान एकच, साखरेचं घर.

साखरेच्या चौकोनी वड्या पाकाने चिकटवून बायकोने ते दीड महिना खपून बांधलं होतं. दोन मजले, पुढे ओटा, बाजूने पायऱ्या, वर गच्ची. प्लायवूडच्या फळीसकट वजन नऊ किलो दोनशे ग्रॅम. सटाण्याला तिच्या भाचीचं लग्न होतं. नवरीची आई, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, तीन वर्षांपूर्वी गेली. मुलीचं रुखवत तिनेच केलं असतं. "आई नाही म्हणून टेबल रिकामं, असं कुणी म्हणायला नको," असं बायको एकदा म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी दहा किलो साखर घेऊन आली.

बांधाबांध माझ्याकडे होती. फळीला चार भोकं पाडून मी नायलॉनची दोरी ओवली आणि फळी टेम्पोच्या लोखंडी कड्यांना करकचून आवळली. टेम्पोवाल्याने हलवून पाहिली.

"भाऊ, गाडी उलटली तरी हे जागचं हलणार नाही."

"उलटवू नका म्हणजे झालं," बायको म्हणाली.

आम्ही दोघं मागेच बसलो. वणीला चहासाठी थांबलो तेव्हा बायकोने घराच्या मागच्या भिंतीवरून बोट फिरवलं आणि ते मध्येच थांबलं.

"अहो, इथे चीर गेलीय."

केसाएवढी होती, पण गच्चीपासून निम्म्या भिंतीपर्यंत उतरली होती. चूक माझी होती. घर घसरू नये एवढाच विचार मी केला होता. आवळल्यामुळे फळी गाडीचाच भाग झाली, आणि चाकाला बसलेला प्रत्येक धक्का लोखंडातून थेट साखरेत गेला. मध्ये मुरायला जागाच नव्हती.

"लय आवळलं तुम्ही," टेम्पोवाला म्हणाला. "टमाट्याला पण आम्ही खाली पेंढा टाकतो."

"दोऱ्या सोडा," बायको म्हणाली. "मांडीवर घेऊ."

"अगं, नऊ किलो दोनशे आहे."

"आपला मुलगा मांडीवर झोपायचा तेव्हा अकरा किलोचा होता. तुम्हीच वहीत वजन लिहून ठेवलंय."

बसायला आणलेल्या गोधडीवर आम्ही समोरासमोर बसलो, मी टेम्पोवाल्याकडे पाठ करून, गुडघ्याला गुडघे लावून, आणि चार मांड्यांवर फळी ठेवली. "हळू चालवा," मी पुढे ओरडलो.

"रस्ता मस्त शे, भाऊ. बसा निवांत."

पुढचा रस्ता मला एखाद्या लांब झोपेसारखा आठवतो. उजवीकडे वळण आलं की आमची अंगं डावीकडे कलायची, आणि घर आमच्यासोबत कलून परत सरळ व्हायचं. उतारावर ते माझ्याकडे यायचं, चढावर तिच्याकडे जायचं. खड्डा आला की आधी चाक बसायचं, मग गोधडी, मग आम्ही. घरापर्यंत पोचेस्तोवर त्या धक्क्याचा नुसता श्वास उरलेला असायचा. शाळेत हे सगळं मी पाठ केलं होतं: जे थांबलंय ते थांबू पाहतं, जे चाललंय ते चालू पाहतं. मांड्यांना ते त्या दिवशी कळलं.

ऊन घराच्या खिडक्यांतून आरपार जात होतं. बायकोच्या साडीवर बारीक पांढरे चौकोन हलत होते. बाहेर कांद्याची हिरवी शेतं मागे सरकत होती, आणि बराच वेळ बघत राहिलं की वाटायचं, आपण आहोत तिथेच आहोत, सरकतायत ती शेतं.

"धाकटी लहानपणी गाडीत तुमच्यासारखीच बसायची," बायको म्हणाली. "उलट्या तोंडाने. म्हणायची, गाव आपल्याला सोडून पळतंय."

मग एकदम ब्रेक लागला. पुढे कांद्याची ट्रॉली आडवी वळत होती. गाडी थांबली, पण घर थांबलं नाही. ते फळीसकट पुढे, माझ्या पोटाकडे निघालं. बायकोने दोन्ही हातांनी फळी धरली, पण ओढली नाही. घराच्या मागोमाग ती स्वतःच पुढे वाकली, आणि मी पाठ टेकून मागे झालो. वीतभर सरकून घर माझ्या शर्टाला टेकलं आणि राहिलं. आम्ही दोघांनी चीर पाहिली. होती तेवढीच होती.

"आहे का ओ?" पुढून आवाज आला.

"आहे," बायको म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, हात मात्र फळीवरच होते.

सटाण्याला कार्यालयाच्या दारात नवरी हळदीच्या हातांनी धावत आली. आमचे पाय इतके बधिर झाले होते की खाली उतरता येईना. घर आधी उतरलं. ते टेबलावर मधोमध ठेवलं गेलं. बायकोने वाटीभर पाक करवून घेतला, चीर भरली आणि तो हिस्सा कार्यालयाच्या भिंतीकडे वळवला. नवरीने गच्चीवर तळवा ठेवला. म्हणाली, "मावशी, आईला ह्या पायऱ्या मोजत बसायला आवडलं असतं."

टेम्पोवाल्याला मी ठरलेले अठराशे आणि वर दोनशे, असे दोन हजार रोख दिले. साडेतीन तास लागले होते. एरवी तो सव्वादोन तासांत येतो. दोनशे रुपये त्या सव्वा तासाचे.