काळजीवाले काका आणि मेक्सिकोचे आप्पा

सिंगापूरमध्ये काळजी करण्यासारखं काही उरलेलंच नाही असं जे म्हणतात, त्यांनी आमच्या घरमालक काकांना पाहिलेलं नसतं. नळाचं पाणी सरळ प्यावं, रस्त्यावरून डोळे मिटून चालावं, अशा या शहरात काळजीचा कच्चा माल मिळवायचा म्हणजे अंगात उपजतच काही असावं लागतं. काकांच्या अंगात ते भरपूर होतं. एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, वेळेवर आली की त्यांना वाटे, आधीची रद्द झाली असणार, नाहीतर ही इतकी वेळेवर कशी येईल? लिफ्ट थांबली नाही तर ती आता कधीही थांबेल म्हणून धास्ती, आणि एकदा थांबली तर पुन्हा थांबेल म्हणून. गॅस बंद केल्याची खात्री राहावी म्हणून ते सकाळी निघताना बटणाचा फोटो काढत. एकदा गाडीत तो फोटो बघता बघता त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि ते मला म्हणाले, "अरे, हा कालचा तर नसेल?" पुढच्या स्टेशनावर आम्ही उतरलो आणि उलट घरी गेलो. गॅस बंद होता. काका म्हणाले, "आज होता." ऑफिसातही त्यांचं काम हेच. एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये काय काय बिघडू शकतं ते बिघडायच्या आधी शोधायचं. हौस आणि पोटापाण्याचा धंदा इतका एकजीव झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी तेव्हा बुओना व्हिस्टाजवळच्या एका प्रयोगशाळेत पोस्टडॉक करत होतो आणि टॅम्पिनीसला काकांच्या फ्लॅटमधली एक खोली घेऊन राहत होतो. घरात काका, काकू आणि त्यांची पंधरा वर्षांची इरा. काकू शांत, इतक्या शांत की घरातली सगळी काळजी एकाच माणसाला करावी लागे. इराला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं, शेवटी तिथल्या बोलीतलं एखादं 'लाह' लावून. आणि या तिघांखेरीज घरात आणखी पाच-सहा माणसं राहत होती, जी मला पहिल्या आठवड्यात दिसलीच नाहीत. ती होती मेक्सिकोचे संगीतकार. बहुतेक सगळे केव्हाच वारलेले.

ही सोयरीक जुळली कशी, ते काकांनीच एकदा सांगितलं. लग्नाच्या आधी ऑफिसच्या कामासाठी त्यांना काही महिने मेक्सिकोत राहावं लागलं होतं. परका देश, परकी भाषा, त्यात हा स्वभाव. त्यांची झोप उडाली. घरमालकीण पियानोच्या शिकवण्या घेणारी म्हातारी बाई होती. तिला यांची भाषा येईना, यांना तिची. तिनं एक दिवस त्यांना हाताला धरून पियानोशेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि वाजवायला लागली. "आयुष्यात पहिल्यांदा डोकं रिकामं झालं रे," काका म्हणाले. पण डोकं काकांचं. ते रिकामं किती दिवस राहणार? त्यांनी ज्यांचं संगीत ऐकलं त्या संगीतकारांचीच काळजी करायला घेतली.

काका त्यांची नावं मात्र कधी घेत नसत. स्पॅनिशमधला 'ज' कुठे 'ह' होतो आणि कुठे गपगुमान बसतो याची त्यांना खात्री नव्हती, आणि गेलेल्या माणसाचं नाव चुकवणं म्हणजे त्याच्या फोटोला उलटा हार घालणं, असं ते म्हणत. म्हणून प्रत्येकाला त्यांनी घरगुती नाव ठेवलं होतं. सगळ्यांत वडील ते आप्पा. खेड्यापाड्यातली गाणी ऐकायला तिथल्या बड्या लोकांना लाज वाटत होती, तेव्हा आप्पांनी ती गोळा केली, लिहून काढली, नवी सजवली आणि उजळ माथ्यानं दिवाणखान्यात आणून बसवली. आप्पांचे शिष्य ते ढोलवाले गुरुजी. त्यांनी युरोपाच्या वाद्यवृंदात मेक्सिकोच्या मातीतले जुने ढोल आणि खुळखुळे आणले, वाद्यवृंद उभे केले, संस्था चालवल्या. "एवढा व्याप! या माणसाला झोप कधी मिळाली असेल?" काका हळहळत. मग एक होता राजा. राजाच्या संगीतात बाजारातला गलका, गावच्या बँडचे हुकलेले सूर, चेष्टा आणि रडू, सगळं एकदम अंगावर यायचं. तो प्यायचा फार, आणि त्याच्या एका नृत्यनाट्याचा पहिला प्रयोग झाला त्याच रात्री छातीत सर्दी भरून गेला. राजाचं काही ऐकून झालं की काका हमखास म्हणत, "थंडीचं स्वेटर न घालता बाहेर पडला रे तो." म्हणताना आवाज असा की राजा अजून आतल्या खोलीत कपडे करतोय आणि आपण हाक मारली तर थांबेल.

एक बेबीताई होत्या. या बेबीताईंनी अगदी कोवळ्या वयात चुंबनावर असं गाणं केलं की ते जगातल्या निम्म्या भाषांमध्ये गायलं गेलं, आणि ते रचलं तेव्हा स्वतः बाईंना त्यातला काही अनुभव नव्हता म्हणतात. इतर लोक हे ऐकून कौतुक करतात. काकांना एकच प्रश्न पडे, "घरी काय म्हणाले असतील?" आणि एक होता वॉल्ट्झवाला पोरगा. गरीब घरातला, रस्त्यावर व्हायोलिन वाजवलेला, तिशीच्याही आत परमुलखात मेला. त्याचा वॉल्ट्झ, म्हणजे गिरक्यांच्या नाचाची धून, इतका सुरेख झाला की जगानं तो व्हिएन्नाच्या कुणा साहेबाचा समजून टाकला. काकांना हे सलत असे. टॅम्पिनीसच्या मॉलमध्ये लहान मुलांच्या फिरत्या घोड्यांपाशी एकदा तो वॉल्ट्झ लागला, आणि काका घोडे चालवणाऱ्या मलय बाईंपाशी जाऊन कळवळून सांगू लागले, "मॅडम, धिस इज नॉट व्हिएन्ना. धिस बॉय इज मेक्सिकन." त्या बाईंना वाटलं कुणी मेक्सिकन मुलगा हरवलाय. त्यांनी बिचाऱ्यांनी वॉकीटॉकीवरून खाली कळवलं. आम्ही कॉफी घेऊन परतलो तरी घोषणा चालूच होती.

पण सगळ्यांत महाग पडले ते सोळातुकडे. या गृहस्थांनी तरुणपणी व्हायोलिनच्या तारेवर धारदार पातं टेकवून एका सुराचे सोळा भाग ऐकले, आणि मग जन्मभर त्या बारीक सुरांसाठी लिहिलं, त्यासाठी वेगळे पियानो घडवून घेतले. "आपण श्रुतींवर नुसते वाद घालतो, या माणसानं करून दाखवलं!" काका म्हणाले, आणि टोस्टर लावतानासुद्धा रबरी चपला घालणाऱ्या या माणसानं गणपतीच्या आदल्या दिवशी काकूंची पेटी उघडून दोन स्वरांच्या आतल्या पितळी पट्ट्या कानसेनं घासल्या. दुसऱ्या दिवशी यिशुनला एका ओळखीच्यांकडे आरती होती. काकूंनी पेटी धरली, पहिली ओळ नीट गेली, आणि दुसऱ्या ओळीला सगळ्या मंडळींचे आवाज पायऱ्या चुकल्यासारखे कोसळले. काकूंनी पेटीकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं, आणि पेटी मिटवून नुसत्या टाळ्यांवर आरती पुरी केली. घरी येताना काका मला हळूच म्हणाले, "दुसरा स्वर मात्र बरोबर लागला होता."

इंडोनेशियातल्या पेटलेल्या जंगलांचा धूर महिनाभर सिंगापूरवर बसून राहिला, त्या वर्षीची पुढची गोष्ट. काका तासातासाला फोनवर हवेच्या प्रदूषणाचा आकडा बघत होते, आणि अशातच एका संध्याकाळी जेवताना इरानं सांगितलं की शाळेच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम आहे आणि व्हायोलिनचा सोलो तिच्याकडे आलाय. कोणता, तर आप्पांचं एक छोटं, हळवं गाणं. शिक्षकांनी निवडलेलं, काकांचा यात काही हात नव्हता. काकांचा घास हातातच राहिला. "आप्पांचं? आपल्या आप्पांचं?" ते उठले, बाल्कनीत गेले, धूर होता म्हणून परत आले आणि पुन्हा ताटावर बसले. तेवढ्या अवधीत आनंद संपून काळजी सुरू झालेली मला दिसली.

त्या गाण्यात एका जागी सूर एकदम उंच उडी घेतो. आधार काही नाही, पायरी नाही, खालून सरळ वर. इरा रोज संध्याकाळी सरावाला बसायची आणि काका समोर सोफ्याच्या कडेवर. ती जागा जवळ आली की काकांचे खांदे वर जात आणि ते मोठ्यांदा श्वास आत घेत, कुणी कठड्यावरून वाकलेल्या मुलाला पाहून घ्यावा तसा. इराचा गज थरथरे. सूर निसटे. काका म्हणत, "काही हरकत नाही, काही हरकत नाही," आणि ते असं म्हणत की हरकत होती हे शेजारच्या फ्लॅटलाही कळावं. मी माझ्या खोलीत बसून त्या उंच सुराची वाट बघत असे, आणि दोन आठवड्यांत माझाही श्वास तिथे अडकायला लागला.

एक दिवस तिनं व्हायोलिन खाली ठेवलं. "बाबा, यू ब्रीद लाइक दॅट, देन आय शेक." काका म्हणाले, "बरं, मी श्वास नाही घेत." "नो. अ‍ॅट द कॉन्सर्ट..." ती थांबली, आणि मग डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "प्लीज डोंट कम, लाह." काकू आतून आल्या. "इरा! अगं, बाप आहे तो." पण काकांनीच हात वर केला. "थांब गं तू. बरोबर आहे तिचं." एवढं बोलून त्यांनी सोफ्यावरची उशी नीट केली, जी आधीच नीट होती.

कार्यक्रमाच्या दिवशी काकू दुपारीच शाळेकडे निघाल्या. निघताना मला म्हणाल्या, "यांना एकटं सोडू नकोस रे." काका शर्ट घालून तयार होते. "मला कुठेतरी लांब ने," ते म्हणाले. "मधेच पळत यायचं ठरवलं तरी पोचता येणार नाही इतकं लांब." मला एकच लांबची जागा माहीत होती. आम्ही बेटाचं एक टोक सोडून बुओना व्हिस्टाला आलो आणि माझ्या प्रयोगशाळेजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या त्या मंडपात, पंख्याखाली बसलो. धूर त्या दिवशी जरा विरळ होता. काकांनी कॉफी घेतली आणि तिच्याकडे पाहिलंच नाही. "तार तुटली तर? जास्तीची दिलीय मी काकूजवळ. पण काकू देईल का वेळेवर? मागे बसली असेल तर? रांगेच्या मधे बसली असेल तर उठायला..." मी म्हटलं, "काका, तिच्या शिक्षकांकडे असते तार." "तारांचा डबा ते घरी विसरले तर?" हे बोलणं चालू असताना त्यांचा एक डोळा घड्याळावर होता, आणि एका क्षणी ते बोलायचे थांबले. "सुरू झालं असेल आता."

मग त्या गर्दीत, फ्राइड राइसच्या वासात, बाजूच्या टेबलावर कोणी चिनी आजोबा पेपर वाचत असताना, काका गुणगुणायला लागले. आवाज जेमतेम मला ऐकू येईल एवढा. आधी बाकीच्या व्हायोलिनांचा भाग, मग इराचा. बोट टेबलावर हळूहळू ताल धरत होतं. त्या उडीची जागा जवळ आली. मी श्वास धरला. काका गप्प झाले. "काय झालं?" मी घाबरून विचारलं. ते म्हणाले, "इथून पुढे मी नको. तिचं तिला जाऊ दे." आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन ते समोरच्या भिंतीकडे बघत बसले.

फोन आला तेव्हा तो मीच उचलला, काकांचा हात पुढे होईना. काकू म्हणाल्या, "झालं. छान झालं." काकांनी फोन ओढून घेतला. "उंच सूर?" "अहो, जरा निसटला, मग धरला तिनं." "निसटला?" "धरला म्हणतेय ना मी!" मग काही खुडबुड झाली आणि इराचा आवाज आला. मला बाजूला बसूनही ऐकू आला. "बाबा, व्हेअर वेअर यू?" काका म्हणाले, "तूच म्हणालीस ना बाळा, येऊ नको." मग मी त्या घरात राहायला लागल्यापासून पहिल्यांदाच त्या मुलीचं सरळ मराठी वाक्य ऐकलं. "हो, पण मी शोधत होते ना."

परतीच्या गाडीत काकांनी कसलीच काळजी केली नाही. मला भीतीच वाटायला लागली. टॅम्पिनीसला उतरलो, ब्लॉकपाशी आलो, तर खाली व्हॉइड डेकमध्ये, इमारतीखालच्या त्या मोकळ्या तळमजल्यावर, इरा कार्यक्रमाच्याच काळ्या कपड्यांत व्हायोलिन घेऊन उभी होती. शेजारी काकू. "बाबा, सिट," तिनं बुद्धिबळाच्या दगडी टेबलाजवळचं स्टूल दाखवलं. "फेस द वॉल." काका मुकाट्यानं भिंतीकडे तोंड करून बसले. आणि तिनं आप्पांचं गाणं सुरू केलं.

भाजीची पिशवी घेऊन जाणारी एक बाई थांबली. सायकलवरून आलेला माणूस एक पाय टेकवून उभा राहिला. मला काकांची फक्त पाठ दिसत होती. ती जागा आली आणि, व्हायचं तेच झालं, काकांचे खांदे वर गेले. इरानं ते पाहिलं. ती खालच्याच सुरावर थांबली. सूर तसाच लांबवत राहिली, अगदी हळू, गज संपत येईपर्यंत, बापाच्या पाठीकडे बघत. काकांचे खांदे खाली आले. मग ती वर गेली, आणि सूर लागला, स्वच्छ.

गाणं संपल्यावर काका वळले. डोळे पुसून झाले, नाक पुसून झालं, आणि म्हणाले, "तिथे तू जरा जास्त थांबलीस का गं?"

इरा व्हायोलिन पेटीत ठेवत होती. "आप्पा वोंट माइंड, लाह," ती म्हणाली.

पुढे माझं काम संपलं, मी दुसऱ्या गावी गेलो. काका-काकू पुण्याला परतले आणि इरा शिकायला आणखी लांब. काकांचा फोन अधूनमधून येतो, ती राहते तिथल्या थंडीबद्दल असतो. परवा मी कधी नव्हे ते फोनवर शोधून आप्पांचं ते गाणं लावलं. कुणी फार मोठा वादक वाजवत होता. ती जागा आली आणि तो एक क्षणही न थांबता सरळ वर गेला. चूक काहीच नव्हती. मला ते जरा घाईचं वाटलं.