डबलसीट परवडत नाय

हे आजवर बायकोलाही सांगितलं नाय. तुला सांगतोय ते तू लई भला म्हणून नाय — तूही असलंच काहीतरी पोटात दाबून बसला असशील म्हणून. मान डोलवू नको. नुसतं ऐक.

करमाडहून चिकलठाण्याला कंपनीत जायचं, गाडी माझी. मागं सिद्धार्थ — आमच्याच गावचा, माझ्याच मशीनवर. पेट्रोल एक आठवडा मी टाकायचो, एक आठवडा तो. त्याची पाळी कधी चुकली नाय.

मग पेट्रोल भडकलं. आग लागो त्या भावाला! — असं पंपावर मीही ओरडलो, सगळ्यांसारखा. पण खरं सांगू? आतून मला बरंच वाटलं. का? थांब जरा — एवढं सोपं नाय ते तोंडातून काढणं.

फाट्यावरच्या हॉटेलात चुलत्यानं चारचौघांत विचारलं होतं, "रोज त्याला पाठीला चिकटवून हिंडतोस व्हय? दुसरं कुणी भेटना का?" सिद्धार्थ भीमनगरातला, आम्ही पाटील. आलं ध्यानात? आणि मी काय केलं? हसलो. खी खी करून हसलो, हलकट!

दुसऱ्याच दिवशी सिद्धार्थला म्हणालो, "पेट्रोल परवडत नाय रे आता. गाडी बंद. मी एसटीनं जाईन."

अरे, डोकं चालव की! पेट्रोल महागलं तर दोघांनी एका गाडीवर जायचं का एकट्यानं? शेंबड्या पोराला कळंल. त्याला कळलं नसंल? तरी म्हणाला, "व्हय दादा, महागाई लई झाली."

तो काळीपिवळीनं यायला लागला. ती जीप भरल्याशिवाय हलत नाय. मी एसटीत चढलोच नाय — त्याच फाट्यावरून गाडीवर निघायचो, हेल्मेटची काच खाली पाडून. एकदा त्यानं हात केला. मी ॲक्सिलेटर पिळला.

तो कंत्राटी होता. उशीर व्हायचा, बोलणी खायचा. एका सकाळी गेटवरूनच परत धाडला — कायमचा.

परवा वॉचमन बोलता बोलता म्हणाला, त्या दिवशी त्यानं सिद्धार्थला विचारलं होतं, पाटलांसोबत का येत नाय आता? सिद्धार्थ म्हणाला, "त्यांची गाडी बिघडलीय."

माझी गाडी तिथंच उभी होती, दोघांच्या समोर.

आता पेट्रोलचा प्रत्येक आठवडा माझाच.