मेंबरांच्या नावाचा सभामंडप

टेबलावर ठेवलेला नकाशा मेंबरांना वाचता यायचा नाही. माझ्या ऑफिसात आले की ते चपला दारात काढायचे, नकाशा फरशीवर पसरायला लावायचे आणि त्याच्यापाशी मांडी घालून बसायचे. मग उजव्या हाताची दोन बोटं पायांसारखी टाकत कॉलनीच्या कमानीतून आत शिरायचे. "चालून बघू की," म्हणायचे. बोटं रस्त्यानं चालायची, कोपऱ्यावर वळायची आणि मध्येच थांबायची. "इंजिनेर, म्हातारं मानूस हितं दमलं. आता?"

मी इंजिनिअर नाही. बारामतीत बसून प्लॉटिंगचे नकाशे काढतो, एवढंच. पण मेंबरांनी एकदा पदवी दिली की ती परत घेता येत नसे.

ते इंदापूर रस्त्यालगतच्या एका गावचे ग्रामपंचायत सदस्य; गावात कुणी मेंबर म्हणे, कुणी आबा. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथलं काम अजून माझ्याकडे येतं. तुम्ही त्या रस्त्यानं गेला असाल तर पाहिलंच असेल: काल ऊस होता तिथं आज कमान उभी असते, मुरमाचे रस्ते पडलेले असतात आणि कमानीवर कुठल्या तरी देवाचं नाव असतं. पंचायतीतले बाकीचे म्हणायचे, गाव वाढतंय, वाढू द्या. मेंबरांचाही घरांना विरोध नव्हता. "घरं व्हावीतच. पोरांनी काय जल्मभर उसात ऱ्हायाचं? पर घराला अंगण लागतं, तसं वस्तीला बी लागतंय."

प्लॉटिंगमध्ये मोकळी जागा सोडावीच लागते. ती कुठं सोडायची यात आमची सगळी अक्कल. ओढ्याच्या कडेला, विजेच्या तारांखाली, जिथं प्लॉट खपणार नाही असा एखादा तिरका तुकडा बघून मी तो हिरवा रंगवून टाकायचो. एका नकाशात मेंबरांची बोटं त्या हिरव्या तुकड्यापर्यंत गेली आणि उचलली गेली.

"हितं तर म्हस बी बसायची न्हाय," ते म्हणाले. मग कॉलनीच्या ऐन मधोमध पंजा ठेवला. "हितं काढा."

जमीनमालक खवळला. पंचायतीत दोन्ही गट बरोबरीचे, त्यामुळे मेंबरांच्या एका हातावर ठराव अडला. त्यांना समजावून झालं, दमात घेऊन झालं, सोयऱ्यांकडून निरोप धाडून झाले. ते आपले मीटिंगला यायचे, चहा प्यायचे आणि हात मांडीवर ठेवून बसायचे. अखेर मालक कंटाळला आणि मी नकाशा बदलला. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात लोकांच्या उपयोगाची मोकळी जागा मी तेवढी एकच काढली, आणि तीही माझ्या मनानं नव्हे.

घरं झाली. मैदानात पोरं क्रिकेट खेळू लागली, म्हाताऱ्या लिंबाच्या रोपट्याला पाणी घालू लागल्या. पण मोकळी जागा दिसली की माणसाच्या हाताला खाज सुटते. एकानं तिथं खडीचा ढीग टाकला. मेंबर सकाळीच जाऊन त्या ढिगावर बसले. दुपारी तो माणूस आला. "उठा की मेंबर, खडी न्यायचीय."

"ने की. मी दुसऱ्या कशासाठी बसलोय?"

गणपती मंडळाच्या मुलांना कायमचं देऊळ हवं होतं. मेंबर त्यांना म्हणाले, "देव आपला पाव्हणा हाय. धा दिवस मांडव घाला, ग्वाडधोड करा. पर पाव्हण्याचं नाव सातबाऱ्यावर लावतं का कोन?" मुलं हसली, पण मनात राग धरून गेली.

पुढच्या निवडणुकीत मेंबर पडले. त्या कॉलनीनंच पाडले. निवडून आलेल्यानं तिथं सभामंडपाचा शब्द दिला होता. मी भेटायला गेलो तर म्हणाले, "बरं झालं. मीटिंगची कटकट गेली." एवढं बोलून दोन बोटं मांडीवरच चालवत राहिले.

ते हयात होते तोवर मात्र सभामंडपाचं नाव काढायची कुणाची छाती झाली नाही. मागच्या उन्हाळ्यात ते गेले.

शोकसभा त्याच मैदानात झाली. लोक खरंच रडले, त्यात खोट नव्हती. नवे मेंबरही रडले आणि डोळे पुसत म्हणाले, "आबांची आठवण म्हणून हितंच त्यांच्या नावानं सभामंडप बांधू." सगळे हात वर झाले. मी उठायला गेलो आणि तसाच खाली बसलो. मेलेल्या माणसाच्या स्मारकाला विरोध कोणत्या तोंडानं करायचा? मला माझीच चीड आली. मेंबर असते तर एकटेच हात खाली ठेवून बसले असते.

सभा संपल्यावर मेंबरांच्या पत्नी, काकू, माझ्याजवळ आल्या. "नकाशा तुमीच काढनार म्हनं. चांगला मोठा काढा, दादा. त्यांनी जल्मात सोतासाठी काय मागितलं न्हाय."

मी लहान काढला. नियमाचं नाव सांगून एका कोपऱ्यात ढकलला. नव्या मेंबरांनी कागद हातात घेतला आणि मला खरोखर दुखावल्या स्वरात विचारलं, "आबांच्या नावाला एवढासा?" शेजारी काकू उभ्या होत्या. मी कागद परत घेतला आणि भिंती मैदानाच्या कुंपणापर्यंत नेल्या.

गेल्या रविवारी गेलो होतो. स्लॅबची तयारी चालली होती. कॉलनीतल्या म्हाताऱ्या गटाराच्या कठड्यावर ओळीनं बसून काम बघत होत्या. एकीनं सरकून मला जागा दिली. लोखंडाच्या त्या जाळीकडं कौतुकानं बघत ती म्हणाली, "मेंबर आज असते, तर किती खूश झाले असते."

मी "व्हय" म्हणालो.