पानाच्या आतला वास

आईच्या शेवटच्या आजारपणात ताईलाही ताप भरला. आई गेली, ताईचा ताप उतरला, पण तेव्हापासून तिला कसलाच वास येईना. दूध करपलं तरी नवऱ्याला तिला हाक मारून सांगावं लागे.

प्रयोगशाळेतलं काम मात्र तिचं चोख. निरोगी दिसणाऱ्या पानांच्या आत गुपचूप राहणारी बुरशी वेगळी काढायची. पान धुवायचं, स्पिरिटात बुडवून वरवरचं सगळं मारायचं, तुकडे करून काचेच्या बशीतल्या जेलीवर ठेवायचे. काही दिवसांनी कापलेल्या कडेतून पांढरे तंतू डोकं काढत. ते सुईने उचलून नव्या बशीत वाढवायचे.

यंदा पानं कमी पडली, म्हणून तिने माहेरच्या अंगणातली दादाकडून मागवली.

एका सकाळी तिने त्या पानांच्या एका बशीचं झाकण उचललं. वास आला. औषधांचा, तापलेल्या अंगाचा, ओलसर गादीचा. आईच्या खोलीचा.

शेजारच्या टेबलावर किरकोळ अंगाची एक मुलगी काम करी. सगळे तिला चिमणी म्हणत. ताईने बशी तिच्यापुढे धरली.

"वास येतो का गं?"

"नाही हो ताई. पण तुम्हाला कुठे वास येतो?"

"हा येतोय."

ताईने दादाला फोन लावला.

"तू पाठवलेल्यातली गोल पानं कुठली रे?"

"आईच्या खिडकीखालची. झुडूप माजलंय नुसतं, फांदी आत घुसलीये. का गं?"

"सहज. तू झोपतोस कुठे हल्ली?"

"त्याच खोलीत. गार असते."

त्या सगळ्या बशा ताईने वाफेच्या यंत्रात घालून आतली बुरशी मारून टाकली. वास गेला. तिला हायसं वाटलं.

रविवारी घराची बेल वाजली. दार उघडण्याआधीच कोण आलंय ते तिला कळलं.

दादा दारात उभा राहून हसत होता. तिने त्याला आंघोळीला पिटाळलं, कपडे उकळले. तरी तो बोलायला तोंड उघडी तेव्हा तोच वास येई. डॉक्टरांना काहीच सापडलं नाही.

तिने त्याला परत जाऊ दिलं नाही. दादा आता तिच्याकडेच असतो. दोन्ही वेळा पोटभर जेवतो, भाच्यांची टिंगल करतो.

"डॉक्टर म्हणतात, मी ठणठणीत आहे. मग मला घरी का जाऊ देत नाहीस?" तो विचारतो.

"काही नाही," ती म्हणते, आणि त्याच्या हाती चहा देताना श्वास रोखून धरते. वास रोज थोडा वाढतोय, हे तिने अजून कोणालाच सांगितलेलं नाही.