बोकडानं काय खाल्लं?

माझं लग्न ठरलं तेव्हा चांदवडच्या चिमाजीअण्णांनी, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी, हुंडा मागितला नाही, मानपानाची यादी दिली नाही. सुपारी फोडताना एवढंच म्हणाले, "पंगत मात्र घरच्या बोकडांची पाहिजे. खाटकाच्या घरी सोयरीक करतोय, विकतचा बोकड नको." माझ्या वडिलांनी मांडीवर थाप मारली. "पाच बोकड! दारात वाढवलेले! नाय वाढले पंगतीत तर मिशी उतरवीन!"

मिशी उतरवायला कोणी सांगितलं नव्हतं. पण आमचे दादा असेच. उचलली जीभ, लावली टाळ्याला. खंडेराव म्हटलं की नाशकातल्या अख्ख्या भद्रकालीला दोन गोष्टी माहीत होत्या, दादांचं मटण आणि दादांचा आवाज.

त्या पाच बोकडांनी माझ्या लग्नात जो गोंधळ घातला तो सांगायचा, तर आधी निवृत्तीमामा सांगायला हवेत. ते माझे सख्खे मामा नव्हेत. महापालिकेच्या कत्तलखान्यात ते शिपाई होते. मूळचे मखमलाबादचे. घरी वांगी, गिलकी आणि शेवंतीचा मळा, गळ्यात तुळशीची माळ. त्यांच्या घरात अंडंसुद्धा कधी शिजलं नव्हतं. अर्ज केला होता बागेत झाडांना पाणी घालायच्या जागेसाठी, आणि हुकूम आला कत्तलखान्याचा. त्यांची बायको पुतळाबाई तो कागद चुलीत घालायला निघाली होती. मामा म्हणाले, "सहा महिन्यांत बदली करून घेतो." ही एक्याण्णव सालची गोष्ट. नोकरी संपली दोन हजार नऊला, तिथूनच.

काम साधं. डॉक्टर जनावर आधी जिवंत तपासायचे, मग कापल्यावर कलेजी, फुप्फुस बघायचे. सगळं ठीक असलं की मामा मांडीवर जांभळ्या शाईचा गोल शिक्का मारायचे. शिक्का पत्र्याच्या डबीत, डबीला कुलूप, किल्ली जानव्यासारखी गळ्यात, माळेशेजारीच. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा कायम जांभळा असायचा. मी लहानपणी दादांचा डबा घेऊन कत्तलखान्याच्या फाटकाशी जायचे, तेव्हा ते गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "हात दाखव." तळहात उलटासुलटा करून बघायचे, अंगठा टेकवायचे आणि म्हणायचे, "पास!" मी एकदा हट्ट धरला की अंगठा नको, खराखुरा शिक्का मारा. तर म्हणाले, "शिक्का सरकारी हाय, पोरी. अंगठा माझा हाय."

दादांचं आणि त्यांचं सुरुवातीला अजिबात पटत नव्हतं. पहिल्याच वर्षी आखाडात, मटणाला भर गर्दी असताना, डॉक्टरांनी दादांच्या एका बोकडाच्या कलेजीत किडे दाखवले आणि मामांनी शिक्क्याची डबी बंद केली. दादांनी कत्तलखाना डोक्यावर घेतला. "भाजी खाणारा माणूस मला मटण शिकवतो!" मामा शांतपणे म्हणाले, "मला खायचं नसतं म्हणूनच तर मला मोह नाय, खंडेराव." दादा महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. पण दादा कितीही बडबडे असले तरी खोटे नव्हते. ती किडकी कलेजी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. महिन्यानंतर दुकानात पाटी लागली: 'आधी शिक्का बघा, मग मटण घ्या.' दादा मांडी टांगताना शिक्क्याची बाजू रस्त्याकडे करायला लागले. गिऱ्हाईक वाढलं ते वाढलंच. आणि निवृत्तीमामा रोज संध्याकाळी सायकल लावून दुकानासमोर गप्पा मारायला थांबायला लागले. आत मात्र कधी आले नाहीत. आमच्या घरचं पाणी प्यायचे, तेही ओट्यावर बसून.

मामा फाटकात प्रत्येकाला दोन प्रश्न विचारायचे. "कुठून आणलं?" आणि "काय खाल्लं?" पहिला प्रश्न छापील कागदावरचा. दुसरा त्यांना डॉक्टरांनी शिकवला होता. जनावराच्या पोटात जे जातं तेच माणसाच्या ताटात येतं, असं डॉक्टर म्हणायचे, आणि मामांना ते एखाद्या अभंगासारखं पाठ झालं होतं. लोक चालता चालता "गवत" म्हणायचे. बोकड कागद खाऊन आला असला तरी उत्तर 'गवत'च. दादा तर बारा वर्षं थट्टाच करत आले. "काय खाल्लं?" "बासुंदी!" "काय खाल्लं?" "तुझं डोकं!" मामा वहीत निमूटपणे 'गवत' लिहायचे.

लग्नाची तारीख निघाली दोन हजार तीनच्या मे महिन्यातली. बोकड दारात होतेच, पण दादांना ते नुसते चांगले नको होते, चांदवडपर्यंत नाव निघेल असे हवे होते. दादांचे दोस्त रावजी यांची आडगावला द्राक्षबाग. छाटणीनंतर वेलींना नव्या फुटी येतात, त्यातल्या जास्तीच्या काढून टाकतात. रावजीकाका रोज टेम्पो भरून त्या कोवळ्या फुटी पाठवायला लागले. बोकड असे तुटून पडायचे की बघत राहावं. पंधरा दिवसांत त्यांच्या अंगावर तेल लावल्यासारखी तकाकी आली. आई म्हणायची, "नवरीपेक्षा बोकड देखणे दिसायला लागलेत." मला राग यायचा, कारण ते खरं होतं.

कत्तलखान्याचा नियम असा की जनावर आदल्या दिवशी आणायचं, रात्रभर विसावा द्यायचा. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी दादा पाच बोकडांना हळद-कुंकू लावून, गळ्यात झेंडूच्या माळा घालून मिरवणुकीसारखे घेऊन गेले. फाटकात चार-पाच खाटीक उभे होते. सगळ्यांनी वाहवा केली. दादा फुगले.

"कुठून आणलं?" मामांनी वही उघडली.

"माझ्या दारातून!"

"काय खाल्लं?"

बारा वर्षांत पहिल्यांदा दादांनी खरं उत्तर दिलं, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. "द्राक्षाच्या फुटी! पंधरा दिवस! हाय का कोणाची टाप?"

मामांची पेन्सिल थांबली. "फवारलेल्या?"

"मग काय! रावजीची बाग हाय. बिनफवारणीची बाग नाशकात दाखव मला!"

बोलून झाल्यावर दादांच्या लक्षात आलं म्हणे. पण तोवर मामा डॉक्टरांना बोलवायला गेले होते. त्याच वर्षी द्राक्षांवरच्या औषधाच्या अंशावरून परदेशातून ओरड झाली होती, जिल्हाभर तीच चर्चा होती. डॉक्टरांनी रावजीकाकांना फोन लावून औषधाचं नाव विचारलं आणि मान हलवली. हे औषध अंगात राहतं. बोकडांना काही होणार नाही, पण तीन आठवडे साधा चारा खाल्ल्याशिवाय कापायचे नाहीत. कारण पंगतीत लेकुरवाळ्या बाया असतील, पोरंबाळं असतील.

दादा पाचही बोकड घेऊन घरी परत आले. झेंडूच्या माळा तशाच गळ्यात. घर पाहुण्यांनी भरलेलं, माझ्या अंगाला हळद लागलेली, आणि दारात बोकड जिवंत. आईनं विचारलं, "काय झालं?" दादांनी सांगितलं. आवाज इतका बारीक की दोनदा विचारावं लागलं.

रावजीकाका धावत आले. त्यांनाही वाईट वाटलं होतं. म्हणाले, "माझ्या मळ्यात कापू. शिक्का कशाला पाहिजे? घरचं लग्न हाय, कोण बघतंय?"

मी खोटं सांगणार नाही. मी म्हणाले, "काका म्हणतात तसं करा, दादा." मला निवृत्तीमामांचा असा राग आला होता की समोर असते तर हळदीचा वाडगा फेकून मारला असता. चांदवडच्या माणसांनी फक्त एक गोष्ट मागितली होती, एकच. ती दिली नाही तर मी त्या घरात पहिलं पाऊल कोणत्या तोंडानं टाकणार?

दादा ओट्यावर बसले. मग म्हणाले, "दीपा, बारा वर्षं मी लोकांना सांगतोय, आधी शिक्का बघा. आणि पोरीच्या लग्नात मी चोरून कापू? तुझ्या सासरच्यांना मी ते वाढू, जे मी रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला देणार नाय?"

"मग विकतचे आणा."

"तेबी खोटंच की गं."

मला रडू फुटलं. दादांनी मिशीवरून हात फिरवला, तेव्हा तर आणखीच.

दुपारी दारात छोटा टेम्पो उभा राहिला. वर वांग्यांच्या पाट्या, कोथिंबीर, हिरवी मिरची, आणि मध्ये निवृत्तीमामा आणि पुतळामामी. मामा उतरले, पण ओट्यापर्यंतच आले. दादा आणि ते एकमेकांकडे बघेनात. शेवटी मामी माझ्या आईला म्हणाल्या, "साळूबाई, माझ्या नवऱ्यानं तुमची पंगत मोडली. ती मांडायला आले मी. पाटोड्या करू."

आई पदर खोचून उठली. "रस्सा माझा," म्हणाली. "मसाला मटणाचाच. फक्त मटण नाय."

दोघींनी त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मिळून जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचा काळा मसाला, त्यावर बोटभर तर्री, आणि त्यात बेसनाच्या, तीळ-खसखस भरलेल्या पाटोड्या. वास गोदावरीच्या पलीकडे पंचवटीत गेला असेल. सोबत भरली वांगी. खाटकाच्या घरचं लग्न आणि चुलीवर एक हाडूक नाही!

अक्षता पडल्या. पंगत बसण्याआधी दादा माईकजवळ गेले. दादांनी सगळं सांगितलं. फुटी, फवारणी, फाटक, स्वतःची फुशारकी, काही लपवलं नाही. शेवटी म्हणाले, "चिमाजीअण्णा, शब्द मोडला. वस्तरा आणून ठेवलाय." आणि खरंच ठेवला होता, ताटात, फुलांशेजारी.

माझ्या नवऱ्याचे, भारतचे, मामा कुरकुरले, "खाटकाकडं येऊन वांगी खायची का?" चिमाजीअण्णा पानावर बसले. भाकरी रश्श्यात बुडवली, खाल्ली. पुन्हा बुडवली. मग मान वर करून म्हणाले, "हे मटण नाय?"

"नाय अण्णा."

"मग मटण असतं तर मी मेलोच असतो."

मांडव हसण्यानं हादरला. ते कुरकुरणारे मामा तीन वेळा रस्सा मागून गेले, आणि तिसऱ्या वेळी "नळी टाका" म्हणाले सवयीनं. अण्णांनी वस्तऱ्याचं ताट बाजूला सारलं. "मिशी राहू द्या. पण बोकड माझे हायेत. तीन आठवड्यांनी पोरगी परत माहेरी येईल, तेव्हा मी संगं येतो. शिक्क्यासकट वाढा." मग इकडेतिकडे बघून विचारलं, "तो शिक्केवाला कुठंय?"

निवृत्तीमामा मांडवाच्या कडेला उभे होते. दादा उठले, त्यांचा तो जांभळा हात धरला आणि ओढत पंगतीत आणून बसवलं. बारा वर्षांत पहिल्यांदा मामा आमच्या घरी जेवले. दादा स्वतः वाढायला उभे राहिले. "खा की," म्हणत होते, "माझ्या घरात तुला चालेल असं पुन्हा कधी शिजायचं नाय." दोघांचेही डोळे पाण्यानं भरले होते. मिरचीमुळे, असं दोघंही अजून म्हणतात. माझा राग कधी गेला ते मला कळलंच नाही.

बोकड तीन आठवडे कुठे ठेवायचे हा प्रश्न होता. दादांच्या दारात परत कोणी काही खाऊ घालेल म्हणून मामा म्हणाले, "माझ्या मळ्यात चाऱ्याचा घास हाय. त्यावर कोणी औषध मारत नाय." आणि माळकऱ्याच्या मळ्यात पाच बोकड चरायला लागले. मखमलाबादनं त्यांची पोटभर टिंगल केली. मामी सकाळी घास कापायच्या, मामा ड्यूटीला जाण्याआधी पाणी दाखवायचे.

तीन आठवड्यांनी मी, भारत आणि अण्णा नाशिकला आलो. पंगतीच्या आदल्या दिवशी दादा फाटकात बोकडांची वाट बघत होते, मीही हौसेनं गेले होते. मामा आले, मागे दोरीला चार बोकड.

आज वही डॉक्टरांच्या हातात होती. मामांनीच दिली होती. स्वतः चारलेल्या जनावराला मी शिक्का मारणार नाही, म्हणाले. डॉक्टरांनी हसू दाबत विचारलं, "कुठून आणलं?"

"मखमलाबाद. माझ्या मळ्यातून."

"काय खाल्लं?"

"गवत," मामा म्हणाले. त्या वहीतलं ते सगळ्यात खरं 'गवत' होतं.

दादांनी बोकड मोजले. "पाचवा कुठंय?"

मामांनी चपलेनं माती उकरली. "पाचवा नापास."

"का? काय झालं त्याला?"

मामांना खोटं बोलता येत नव्हतं. म्हणाले, "तो माझ्या हाकेला येतो, खंडेराव."

दादांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता कत्तलखाना पुन्हा डोक्यावर घेणार. पण त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "शिक्का नाय तर कापायचा नाय. नियम म्हणजे नियम." चार बोकडांत पंगत झाली, पुरून उरली, आणि चिमाजीअण्णा बोटं चाटून तृप्त झाले.

चांदवडला परत जाण्याआधी मी मखमलाबादला जाऊन आले. शेवंतीच्या वाफ्याशेजारी तो पाचवा बोकड उभा होता, रवंथ करत. मला बघून जवळ आला. त्याच्या कपाळावर, दोन शिंगांच्या मधोमध, पांढऱ्या केसांवर जांभळ्या अंगठ्याचा ठसा होता.